वर्गमित्रांची खबर आणि आपली आत्मकथने

शाळा सुटून पंधरा-वीस वर्षे झाली की वर्गमित्रांना एकमेकांची आठवण येऊ लागते. मेळावा भरतो, स्मरणिका निघते. कोण कुठे नोकरीला आहे, कोणाची मुले काय शिकतात, कोणाचे आईवडील गेले, याची देवाणघेवाण होते. मराठी ललित लेखनात या ख्यालीखुशालीचा एक प्रवाहच आहे. 'ती सध्या काय करते' (२०१७) या चित्रपटाने तर तिचा नेहमीचा प्रश्न शीर्षकालाच लावला.

या लेखनातील जिव्हाळा खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यामागे एक गृहीत आहे. वर्गात जे बसले ते सगळे शेवटपर्यंत बसले, असे ते गृहीत. मेळाव्याचे बोलावणे दहावीच्या हजेरीपटावरून जाते. पहिलीचा हजेरीपट कोणी उघडत नाही. चौथीनंतर गुरे राखायला गेलेला, दिवाळीनंतर आईबापांबरोबर उसाच्या फडात गेलेला, सातवीत लग्न लागलेली, हे मग कोणाचे वर्गमित्र? पांढरपेशा स्मरणरंजनाला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्या वर्गातून सहसा कोणी गळालेलेच नसते.

आणि जे टिकले त्यांच्या तरी आठवणी एक आहेत काय? शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'तील (१९८४) शाळेची सहल पाहावी. सवर्ण मुले वेगळी बसून जेवतात, त्यांचे उरलेले अन्न महारांच्या मुलांच्या वाट्याला येते, आणि दुसऱ्या दिवशी गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात. निबंधाचा विषय एक, सहली मात्र दोन. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) जब्याला डुकरामागे धावावे लागते आणि त्याच्या शाळेतली मुले ते पाहत असतात. कल्पना करा, वीस वर्षांनी ही मुले मेळाव्यात जमली आहेत. कोणीतरी हसत म्हणेल, 'आठवतं का रे जब्या?' विचारणाऱ्याच्या मनात कदाचित काहीच वाईट नसेल. पण त्याला जी गंमत आठवते ती जब्याच्या अंगावरचा वळ आहे, हे त्याच्या गावीही नसते.

प्रस्थापितांकडे बोट दाखवून थांबणे सोपे आहे. आपल्या आत्मकथनांनी वर्गमित्राचे काय केले, हेही विचारले पाहिजे. दया पवारांच्या 'बलुतं'ची (१९७८) रचना मला याच दृष्टीने महत्त्वाची वाटते. तेथे शिकलेला, शहरात लेखक झालेला दया हा दगडूकडून त्याची हकिगत ऐकतो. एकाच माणसातले हे दोन जुने सोबती समोरासमोर बसलेले आहेत. एक बाहेर पडला, दुसरा बाहेर पडू शकत नाही. समीक्षकांनी या दुभंगलेपणाची चर्चा केली ती बहुधा मानसशास्त्राच्या अंगाने. मला त्यात एका माणसाच्या मनापेक्षा एका अख्ख्या हजेरीपटाचा ताण दिसतो. जे दगडूच राहिले त्यांची खबर दया घेत आहे.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) यांची गोष्ट निराळी. भटक्या आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमातींतून शाळेत जाणारे पोर एकटेच असे. आपल्यातला वर्गमित्रच नव्हता, तर त्याची खबर कोणाची घेणार? तेथील एकटेपणा हे वास्तव आहे. तक्रार या पुस्तकांविषयी नाही. त्यांच्या मागून, तयार साच्यात लिहिल्या गेलेल्या आणि अजूनही लिहिल्या जाणाऱ्या आत्मकथनांविषयी आहे. त्यांत वाडा-वस्तीवरची पोरे पहिल्या पन्नास पानांत असतात. विहिरीत डुंबतात, मार खातात, भूक वाटून घेतात. नायक वसतिगृहात गेला की ती पोरे पुस्तकातून नाहीशी होतात. पुढची दोनशे पाने पदवी, नोकरी, बदली, शहरातील घर न मिळणे आणि सत्कार. हीही दु:खे खरीच आहेत. पण गावातल्या सोबत्याचे नाव पुन्हा येते ते फार तर तो पैसे मागायला दारात आला तेव्हा. ही नजर आपण कोठून उचलली?

मी ज्या भागात शिकवतो तेथून दरवर्षी माणसे ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता; मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडत राहायची. प्राथमिक शाळेत माझ्या वर्गात असलेली एक बाई गेल्या चौदा एप्रिलला मिरवणुकीत भेटली, नुकतीच फडावरून परतलेली. मुलाबाळांची चौकशी झाल्यावर ती म्हणाली, "तुझं बरं झालं बाबा. आमची उचल काय यंदाबी फिटली न्हाई." तिच्या बोलण्यात ना हेवा होता ना दैन्य. चार वाक्यांत तिने सगळी खबर दिली आणि निळा झेंडा घेतलेल्या मुलीमागे निघून गेली. असे बोलणे आपल्या आत्मकथनांत फार थोडे येते, कारण नायकाच्या प्रवासात ते कोठे बसवावे हे कळत नाही.

स्त्रियांना ही अडचण कमी पडलेली दिसते. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (१९८६) हे शीर्षकच अनेकवचनात ठेवले. फलटणला दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून त्यांनी ते लिहिले. पदवीच्या मुक्कामाला पोचायचे नसल्यामुळे वाटेत कोणाला सोडावे लागले नाही. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'चा (२००३) आरंभही गावाकडून रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायांपासून होतो. आईच्या हातच्या विणीत अनेक पट्ट्या असतात, तशी या पुस्तकात अनेक जणींची आयुष्ये आहेत.

याच ऊर्मिलाताईंनी मीनाक्षी मून यांच्यासोबत 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हे पुस्तक केले. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या आणि पुढे विसरल्या गेलेल्या स्त्रियांना त्यांनी शोधून काढले, त्यांच्याशी बोलल्या आणि ते बोलणे लिहून ठेवले. आपल्याकडे त्याची चर्चा होते ती इतिहासाचे साधन म्हणून. आत्मकथनाच्या चर्चेत त्याचे नाव कोणी घेत नाही. हे पुस्तक आत्मकथनांच्या शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना शिकवावे, आणि मग त्यांना आपापल्या पहिलीच्या हजेरीपटावरची नावे लिहायला सांगावीत.