निषेधाची भाषा: केटो ते वऱ्हाड

परसंस्कृतीला विरोध करणाऱ्या परंपरानिष्ठांकडे समीक्षा बहुधा एकाच प्रश्नानिशी जाते: त्यांनी काय नाकारले? वस्तुतः त्याआधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. नाकारण्याचे सामर्थ्य त्यांनी कोठून मिळवले, आणि ते इतरांच्या हाती जाऊ दिले काय?

रोमचा ज्येष्ठ केटो (इ.स.पू. २३४–१४९) हे या वृत्तीचे ठळक उदाहरण. इ.स.पू. १५५ मध्ये अथेन्सच्या शिष्टमंडळातील कार्निआडीझने एके दिवशी न्यायाच्या बाजूने आणि दुसऱ्या दिवशी न्यायाविरुद्ध व्याख्यान दिले. या तत्त्वज्ञांना त्वरित निरोप द्यावा, असा आग्रह केटोने धरला. परंतु तोच केटो ग्रीक जाणत होता. आणि रोमचा इतिहास ग्रीकमध्ये लिहिण्याची रूढी मोडून त्याने आपला 'ओरिजिनेस' हा ग्रंथ लॅटिनमध्ये रचला. साचा ग्रीकांचा, भाषा रोमची. येथे विरोध सर्जक ठरतो.

त्याची दुसरी बाजू इ.स.पू. ९२ मध्ये दिसते. त्या वर्षी सेन्सॉरपदावरील क्रॅसस आणि डोमिशिअस यांनी ग्रीक नव्हे, तर लॅटिन वक्तृत्वशाळांवर ठपका ठेवला. पूर्वजांच्या रीतीचा हवाला देणारा क्रॅसस स्वतः ग्रीक विद्येत मुरलेला होता. त्यांच्या हेतूंविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु ग्रीक शिक्षण ज्यांच्या आवाक्यात नव्हते त्यांची वाट त्यामुळे अरुंद होत होती, हे उघड आहे.

मराठीत हीच दुहेरी चाल 'निबंधमाले'त (आरंभ १८७४) आढळते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मेकॉले-जॉन्सनच्या अभ्यासातून कमावलेले गद्य इंग्रजीच्या दास्याविरुद्ध वापरले. आणि त्याच मालेतून जोतीराव फुले यांच्या मराठीचा उपहासही केला.

वऱ्हाडात हा पेच निराळ्या क्रमाने उलगडला. १८५३ मध्ये प्रांताचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि कचेरी, न्यायालय, शाळा या वाटांनी इंग्रजी स्थिरावली. अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे हे टिळकांचे निकटचे सहकारी, १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष. त्यांची रोजनिशी मात्र इंग्रजीत आहे. याला दांभिकता म्हणणे उथळपणाचे होईल. परकी भाषा अंतर्मनाच्या व्यवहारापर्यंत पोचल्यावरही राजकीय विरोध खरा असू शकतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. अकोल्याशी निगडित असलेल्या विष्णु मोरेश्वर महाजनींनी केटोची सर्जक वाट धरली: शेक्सपिअरच्या 'सिंबेलाइन'ला 'तारा' (१८७९) या नाटकात मराठी देह दिला. पंजाबराव देशमुखांनी ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहिला आणि परतल्यावर अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारून शेतकऱ्यांच्या मुलांना आधुनिक विद्येचे दार उघडले. क्रॅससच्या कृतीला याहून नेमके उत्तर क्वचितच सापडेल.

देशीवादाच्या चर्चेला या तुलनेतून एक निकष मिळतो. भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक होते, या वस्तुस्थितीने देशीवाद खोटा पडत नाही. परकी विद्या पचविल्याखेरीज तिची मर्यादा दाखविता येत नाही. प्रश्न पुढचा आहे. ज्याने ती पचविली, तो आपल्या भाषेत तिचे रूपांतर करतो, की इतरांना तिच्यापासून जपण्याच्या नावाखाली तिची मिरास स्वतःकडे ठेवतो? देशीयतेचे मूल्यमापन लेखकाच्या घोषणेवरून न करता या व्यवहारावरून केले, तर चिपळूणकर आणि फुले यांना एकाच मापाने तोलणे समीक्षेला भाग पडेल. ते माप आजवर टाळले गेले आहे.