लॅटिन क्रियापदे आणि मराठी वाचक

लॅटिन ही मृत भाषा होय, असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु गडचिरोली जिल्ह्याच्या एखाद्या आडवळणी गावी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ग्रामसभेची सूचना डकवलेली असते, ती वाचावी. तिच्यात ‘अजेंडा’ असतो आणि ‘कोरम’ही असतो. यांतला दुसरा शब्द ‘ज्यांच्यापैकी’ या अर्थाचे एक षष्ठ्यंत सर्वनाम आहे. पहिला मात्र क्रियापदापासून झालेला आहे. ‘आगेरे’ म्हणजे हाकणे, चालविणे, करणे. त्याचे ‘अजेंडा’ हे कृदंत, ‘करावयाच्या गोष्टी’ या अर्थाचे. संस्कृतात हेच काम तव्य आणि अनीय हे प्रत्यय करतात. ज्याने ‘कर्तव्य’ हा शब्द एकदा समजून घेतला, त्याला ‘अजेंडा’ समजावयास इंग्रजीच्या दारी जाण्याचे कारण नाही. सागवान-बांबूच्या रानात जी भाषा आजही सभा बोलावते, तिला मेलेली तरी कसे म्हणावे?

प्रस्तुत लेखकाने लॅटिन शिकावयास आरंभ केला तो पुष्कळ उशिरा. नागपुरास रद्दीच्या दुकानात केनेडीच्या लॅटिन प्रायमरची एक जुनी, पाने सुटलेली प्रत हाती आली, हे त्याचे निमित्त. त्या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती १८८८ मध्ये निघाली आणि इंग्लंडातील शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्या तिच्यावर पोसल्या गेल्या. ग्रंथ उत्तम आहे. त्याचा दोष म्हणावयाचा तर इतकाच, की तो इंग्रज मुलांसाठी लिहिला आहे. इंग्रज मुलास जे अवघड ते तो विस्ताराने सांगतो, आणि त्यास जे सोपे ते वाचकास सोपेच असणार असे धरून चालतो. आपण मराठी माणसे तो वाचू लागलो म्हणजे त्या मुलाची अडचण आपलीच समजून घोकीत बसतो, आणि आपल्या घरात आयती पडलेली सोय आपल्या ध्यानातही येत नाही. आपल्याकडील लॅटिनच्या अभ्यासावर, जो काही थोडाफार होतो त्यावर, माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

उदाहरणे पाहू. लॅटिनमध्ये ‘लिहू नकोस’ असे सांगावयाचे तर ‘नोली स्क्रीबेरे’ म्हणतात, आणि अनेकांना सांगावयाचे तर ‘नोलीते स्क्रीबेरे’. ‘नोलो’ म्हणजे मी इच्छीत नाही; त्याचे आज्ञार्थी रूप ‘नोली’, आणि पुढे मूळ क्रियापदाचे हेत्वर्थक रूप. इंग्रज विद्यार्थ्यास येथे थबकावे लागते, कारण निषेधाला स्वतंत्र क्रियापद असू शकते आणि ते एकवचनी-अनेकवचनी चालते, ही कल्पनाच त्याच्या आजच्या भाषेत उरलेली नाही. मराठी मुलाच्या तोंडी मात्र ‘लिहू नको, लिहू नका’ दिवसातून दहा वेळा असते. तेथेही ‘लिहू’ हे हेत्वर्थक रूप, आणि ‘मला हे नको’ असे म्हणताना ज्यात अनिच्छा असते तोच शब्द निषेधाच्या कामी लावलेला. हे साम्य रक्ताच्या नात्याचे आहे असे मी म्हणत नाही. दोन भाषांनी एकाच गरजेसाठी एकच युक्ती योजिली आहे, एवढेच. तसेच ‘स्किओ’ म्हणजे जाणतो आणि ‘नेस्किओ’ म्हणजे जाणत नाही. ज्ञानेश्वरी वाचलेल्या माणसाला ‘जाणे’ आणि ‘नेणे’ ही जोडी ठाऊक असते. त्याला ‘नेस्किओ’चा अर्थ सांगण्यासाठी दोन-तीन शब्दांचे वाक्य कशाला हवे? एका शब्दाला एक शब्द घरातच आहे.

दुसरा प्रकार स्वामित्वाचा. ‘मला दोन भाऊ आहेत’ याचे लॅटिन ‘मिही दुओ फ्रात्रेस सुन्त’ असे होते. ज्याच्यापाशी वस्तू आहे तो चतुर्थीत, जी वस्तू आहे ती प्रथमेत, आणि क्रियापद ‘असणे’. येथे तर शब्दही नात्यातले आहेत: दुओ आणि द्वौ, फ्रात्रेस आणि भ्रातरः, सुन्त आणि सन्ति. इंग्रजाला यासाठी ‘संबंधी चतुर्थी’ या नावाचे एक प्रकरण शिकावे लागते. आपण ते प्रकरण आईच्या मांडीवर शिकलो, आणि महाविद्यालयात येऊन इंग्रजीच्या मागून ते पुन्हा परके म्हणून शिकतो!

तिसरा प्रकार याहून महत्त्वाचा आहे. ‘आ पुएरो एपिस्तुला स्क्रिप्ता एस्त’, म्हणजे मुलाने चिठ्ठी लिहिली. एपिस्तुला स्त्रीलिंगी, म्हणून स्क्रिप्ता; चिठ्ठी स्त्रीलिंगी, म्हणून लिहिली. नपुंसकलिंगी ‘कार्मेन’ असते तर स्क्रिप्तुम झाले असते, जसे ‘गाणे लिहिले’. क्रियापद कर्माच्या मागे जाते, कारण दोन्ही ठिकाणी ते मुळात विशेषणासारखे वागणारे कृदंत आहे. संस्कृतातील दत्त, ज्ञात, युक्त आणि लॅटिनमधील दातुस, नोतुस, युंक्तुस ही त्याच कुळातील भावंडे होत. आमच्या कर्मणी प्रयोगाचे वर्णन इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर करताना जी ओढाताण होते, तिचा आरंभ दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणाइतका जुना आहे, आणि मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ग्रंथात तिच्याशी केलेला झगडा पानोपानी दिसतो. हे साम्य जवळ ठेवले असते तर ती ओढाताण काही अंशी तरी वाचली असती. तथापि फरकही सांगितला पाहिजे. लॅटिनला ‘पुएर एपिस्तुलाम स्क्रिप्सित’ अशी कर्तरी वाटही मोकळी आहे, आणि कर्मणी रचना ही तेथे लेखकाची निवड असते. मराठीत सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी ही निवड बहुधा उरलेलीच नाही.

येथे कोणी म्हणेल, की मग लॅटिन क्रियापदांचे अर्थ मराठी-संस्कृत धातूंवरून सरळ उकलता येतील. हा मोह आवरला पाहिजे. मी तो आवरला नव्हता, आणि त्यामुळे तोंडघशी पडलो होतो. ‘पेतो’ या क्रियापदाचे संस्कृत ‘पत्’ धातूशी नाते आहे. आपल्याकडे पत् म्हणजे उडणे आणि पडणे. लॅटिन ‘पेतो’चे अर्थ मात्र कोशात असे दिलेले आढळतात: एखाद्या दिशेस जाणे, शोधणे, हल्ला करणे, याचना करणे. ‘पडणे’ यांत कोठेच नाही. नाते धातूचे असते. अर्थ वापराने ठरतो. बरे, कोशातील हे चार अर्थ चार वेगळ्या खणांत ठेवून पाठ केले तरी क्रियापद हाती लागत नाही. शिपाई शत्रूला, नावाडी बंदराला आणि गरजवंत अधिकाऱ्याला ‘पेतो’ म्हणूनच गाठतो. एखाद्यावर रोख धरून निघणे हा या तिन्हींतला समान गाभा आहे. ‘पिटिशन’ हा शब्द याच क्रियापदाचा. आपण त्याला ‘विनंतीअर्ज’ म्हणतो तेव्हा विनंतीतले वाकणे तेवढे उरते; रोख धरून चालून जाणे नाहीसे होते.

शब्दार्थ कळणे आणि क्रियापद कळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे कायद्याच्या विद्यार्थ्यांत विशेष दिसून येते. ते लॅटिन वचने मंत्राप्रमाणे पाठ करतात. ‘हेबिअस कॉर्पस’ म्हणजे एक प्रकारचा न्यायालयीन आदेश, एवढे त्यांना ठाऊक असते. ‘हेबिअस’ हे द्वितीयपुरुषी विध्यर्थाचे रूप आहे, आणि समोर उभ्या असलेल्या बंदिपालास ‘शरीर तुझ्यापाशी असावे, ते घेऊन तू हजर व्हावेस’ असे ते बजावते, हे त्यांस कोणी सांगितलेले नसते. ‘कॅव्हिएट’ हाही विध्यर्थ: ‘त्याने सावध असावे’. ‘व्हेटो’ हा साधा वर्तमानकाळ: ‘मी मना करतो’. ‘ॲफिडेव्हिट’ हा मध्ययुगीन लॅटिनमधला भूतकाळ: ‘त्याने शपथेवर सांगितले’. विध्यर्थ, वर्तमान आणि भूत हे सारे इंग्रजीत येऊन नामे झाले, आणि त्यांतला बोलणारा माणूस अदृश्य झाला. क्रियापदाचे नाम झाले म्हणजे कोण, कोणास, केव्हा हे तिन्ही प्रश्न गळून पडतात. न्यायाच्या कामी तर हेच प्रश्न मुख्य असतात.

आता ज्या एका क्रियापदासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे येतो. २००६ मध्ये संसदेने वनहक्कांचा कायदा केला. त्याच्या मराठी नावात ‘वन हक्कांची मान्यता’ असे शब्द आहेत. इंग्रजी संहितेच्या चौथ्या कलमात वनहक्कांविषयी दोन क्रियापदे जोडीने योजिली आहेत, आणि दोन्ही मूळची लॅटिन आहेत. पहिल्याचे मूळ ‘रेकोग्नोस्केरे’, दुसऱ्याचे ‘वेस्तीरे’.

दुसरे सोपे आहे, म्हणून ते आधी घेतो. ‘वेस्तीरे’ म्हणजे वस्त्र घालणे. ‘वेस्तिस’ आणि आपले ‘वस्त्र’ एकाच धातूचे. मध्ययुगात युरोपात अधिकार किंवा भूमी हवाली करण्याच्या विधीला यावरूनच नाव पडले. मराठी वाचकास हे समजावून देण्याची गरजच नाही, कारण आपल्या इतिहासात पेशवाईची वस्त्रे मिळत असत. वस्त्रे देणारा वर असतो आणि घेणारा वाकतो. या क्रियापदात देणे आहे, हे खरेच.

परंतु कायद्याने त्याच्या आधी दुसरे क्रियापद ठेविले आहे. ‘ग्नोस्को’ म्हणजे जाणू लागणे. हा आपला ज्ञा धातू. याच्या भूतकाळाचे रूप ‘नोवी’, पण त्याचा अर्थ वर्तमानाचा: ‘मला ठाऊक आहे’. इंग्रज विद्यार्थ्यास हे अपवाद म्हणून पाठ करावे लागते. आपण मात्र ‘कळले का?’ या प्रश्नास ‘कळले’ असे उत्तर देतो, आणि त्याचा अर्थ ‘आता ठाऊक आहे’ असाच असतो. याच ‘ग्नोस्को’ला ‘को’ हा उपसर्ग लागला म्हणजे नीट जाणणे, आणि त्याहीपूर्वी ‘रे’ लागला म्हणजे पुन्हा जाणणे. जे पूर्वी होतेच, पण विसरले गेले किंवा नोंदवले गेले नाही, ते पुन्हा ओळखणे. कायद्याच्या उद्देशिकेत ऐतिहासिक अन्यायाचा उल्लेख आहे, आणि हे हक्क पूर्वी नीट नोंदले गेले नाहीत असेही तेथे म्हटले आहे. तेव्हा हे क्रियापद तेथे सहज पडलेले नाही. हक्क आधी ओळखावयाचा, मग त्यास वस्त्रे द्यावयाची, असा तो क्रम आहे.

मराठीत आपण काय करतो? ‘हक्कांना मान्यता देण्यात आली’ असे लिहितो. ‘मान्यता’ या शब्दाचा यात अपराध नाही. ‘मान्य’ हेही ‘अजेंडा’प्रमाणेच कृत्यप्रत्ययान्त रूप आहे, त्याचा अर्थ ‘मानावयास योग्य’. योग्यता ज्याची त्याच्यापाशी आधीच असते. ती कोणी देत नसतो. अपराध आहे तो शेजारी येऊन बसलेल्या ‘देणे’ या क्रियापदाचा. त्याने ओळखण्याचे दान करून टाकले, आणि ‘देण्यात आली’ या कर्मणी रचनेने देणारासही पडद्याआड केले. १९२७ च्या वनकायद्यातील ‘रिझर्व्ह्ड’ला आपण ‘राखीव’ म्हटले, ते मूळच्या ‘सेर्वारे’ म्हणजे राखणे या क्रियापदाशी प्रामाणिक राहून. तेथे आपले भाषांतर नेमके साधले. ज्या क्रियापदाने रान लोकांपासून राखून ठेवले ते बिनचूक उतरले, आणि ज्याने ते पुन्हा त्यांचे म्हणून ओळखले ते उतरताना त्याचा अर्थ पालटला, ही गोष्ट मनास लागते.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क प्राप्त झाला. त्याविषयी शिकलेली माणसे बोलतात तेव्हा ‘सरकारने त्यांना जंगल दिले’ असे वाक्य सहज निघून जाते. माझ्या वर्गातही ते निघाले. मागच्या बाकावर त्याच बाजूचा एक विद्यार्थी बसला होता. तो हळूच म्हणाला, “सर, दिलं नाही. होतंच.” त्याने लॅटिनचे एक अक्षरही वाचलेले नव्हते, पण ‘रे’ या उपसर्गाचा अर्थ त्याच्याइतका नेमका मला कोणत्याही कोशात आढळलेला नाही.

‘आम्हांला लॅटिन कशाला?’ असे सुशिक्षित कुटुंबांत विचारले जाते, आणि हा प्रश्न वावगा नाही. रूपावल्या घोकण्यासाठी ते नको. परंतु ज्या भाषेतील क्रियापदे आपल्या कायद्यांत नामे होऊन बसली आहेत, त्यांची मूळची क्रिया कोणी कोणास केली, एवढे विचारता येण्यापुरते ते हवे. त्यासाठी मराठी माणसाला फार दूरचा प्रवास करावयाचा नाही. नको, नेणे, कळले, लिहिली ही त्याच्या घरची रूपे आहेत. तेवढी जागी ठेवून त्याने वाचावयास बसावे, आणि भाषांतर करताना ‘ओळखले’ असे म्हणावयाच्या जागी ‘दिले’ लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबावे.