केसरी ठरतो कसा

महाराष्ट्र केसरीच्या मानकऱ्यांची यादी 1961 सालच्या औरंगाबादच्या स्पर्धेपासून, दिनकर दह्यारींच्या नावाने सुरू होते. साल, गाव, पैलवान, एवढाच मजकूर. ज्याला कुस्तीचा नाद आहे त्याला तेवढाही पुरतो. 1982 च्या ओळीवर आम्ही बीडकर हमखास थांबतो. त्या साली स्पर्धा बीडला झाली आणि किताब कोल्हापूरच्या संभाजी पाटलांनी नेला. काही वर्षांपुढे मात्र नावच नाही, कारण कुस्ती अनिर्णित राहिली. मला या रिकाम्या जागा फार मोलाच्या वाटतात. निकाल लागला नाही तर किताब कुणालाच नाही. मागची पुण्याई मोजून किंवा चार जाणत्यांची मतं घेऊन कुणाला केसरी केलं गेलं नाही.

या स्पर्धेची बांधणी नीट पाहिली तर तिचं सौंदर्य लक्षात येतं. 86 ते 125 किलो वजनाचे मल्ल दोन वाटांनी पुढे सरकतात, एक वाट मातीची आणि दुसरी गादीची. मातीत पाय रुततो, दम लागतो, अंगावर माती चोळली की पकड बसते. गादीवर चपळाई आणि गुणांचा हिशेब चालतो. माती म्हणजे जत्रेतला फड, हलगी, वस्तादाची हाक. गादी म्हणजे ऑलिंपिकची दिशा. दोन्हीकडचा एकेक विजेता शेवटी समोरासमोर येतो आणि मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ दिली जाणारी चांदीची गदा त्यांच्यातल्या एकाच्या खांद्यावर जाते. आपल्या कुस्तीतली जुनी आणि नवी परंपरा वर्षातून एकदा एकमेकींची ताकद अशी अजमावतात. याहून चोख योजना मला सुचत नाही.

जानेवारी 2020 मधली बालेवाडीची अंतिम लढत आठवा. गादीकडून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, मातीकडून लातूरचा शैलेश शेळके. दोघंही वस्ताद काका पवारांचे पठ्ठे. रोज एकमेकांच्या अंगावर सराव केलेला, त्यामुळे कुणाचा पट कुठून येणार हे दुसऱ्याला आधीच ठाऊक. अशी कुस्ती लांबून संथ वाटते, पण खरं तर ती सगळी मनगटात आणि मानेत चाललेली असते. ती 3-2 अशी सुटली. हर्षवर्धन जिंकला आणि त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. ते छायाचित्र गाजलं ते खिलाडूवृत्तीसाठी. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. शैलेशला निकाल मान्य होता. हरणाऱ्याने मान्य केल्याशिवाय कुठलाही किताब पुरा होत नाही.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलला मैदानावर लागलेला असा मान्य निकाल मिळवायला जवळजवळ एक शतक लागलं. तिथे 1936 पासून वृत्तसंस्थेच्या पत्रकारांचं मतदान अव्वल संघ ठरवायचं, 1950 पासून प्रशिक्षकांचंही वेगळं मतदान सुरू झालं. दोन्ही याद्या जुळल्या नाहीत की त्या वर्षी दोन विजेते. 1990, 1991 आणि 1997 ला असंच झालं. मग 1998 पासून मतं आणि संगणकाची गणितं एकत्र करून पहिले दोन संघ भिडवायचे ठरलं, तरी 2003 चा मान शेवटी दोघांत वाटला गेलाच. 2014 पासून चार संघांची बाद फेरी आली, 2024 पासून बारा संघांची. म्हणजे ते मतांकडून मैदानाकडे सरकत गेले.

आणि आपण? आपल्याकडे एकाच कुस्तीत निकाल लावायची रीत होती, तीच आपण दुभंगू दिली. राज्यात कुस्तीच्या दोन संघटना झाल्या आणि नोव्हेंबर 2023 मध्ये दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला काही सेकंदांत चीत केलं. त्याच महिन्यात धाराशिवला शिवराजने हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा घेतली. एका महिन्यात तोच मल्ल एकीकडे हरलेला आणि दुसरीकडे केसरी. यात सिकंदरचा दोष नाही, शिवराजचाही नाही. दोघांनी घाम गाळला, दोघांच्या आयांनी दूध-बदामासाठी पै-पै जोडली असेल. पण दोघांच्याही किताबाला कायमची एक पुस्ती चिकटली.

2025 लाही दोन केसरी झाले, अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि कर्जतला वेताळ शेळके. अहिल्यानगरला गादीच्या अंतिम कुस्तीत खांदे टेकले की नाही यावरून जो तमाशा झाला तो सगळ्यांनी पाहिला. चीतपट म्हणजे दोन्ही खांदे एकदम जमिनीला. हे इतकं साधं आहे की शाळकरी पोरालाही कळतं आणि इतकं झटपट घडतं की पंचाला एका श्वासात ठरवावं लागतं. म्हणून कॅमेरे हवेत आणि ते पुन्हा पाहायची मुभाही हवी. त्या वादात पंचावर पाय उचलला गेला, ते मात्र कशानेही क्षम्य ठरत नाही.

केसरी निवडताना निकालाइतकाच दुसरा प्रश्न असतो, दारात कुणाला घ्यायचं. अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये 2023 साली फ्लोरिडा स्टेटचा संघ एकही सामना न हरता बाद फेरीच्या चार संघांबाहेर राहिला. आपल्याकडे दार वजनाचं: आमच्या जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेचं नाव केसरीच्या यादीत येऊच शकत नव्हतं. त्याचे पहिले मोठे गुरू हरिश्चंद्र बिराजदार 1969 चे केसरी, नंतरचे वस्ताद काका पवार. पण राहुल 57 किलोचा. 2018 ला त्याने गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलचं सुवर्ण घेतलं. 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलोत उपांत्य फेरी हरल्यावर तो पुन्हा उभा राहिला आणि अमेरिकेच्या टायलर ग्राफला 11-4 ने हरवून कांस्य घेऊन आला.

केसरीच्या मैदानात हलक्या वजनांचेही विजेते ठरतात, पण त्यांच्या कुस्त्या उन्हात उरकल्या जातात, गर्दी मोठ्या जोडीची वाट बघत असते. एक संघटना, एक स्पर्धा, एक गदा हे तर व्हावंच. त्याच संध्याकाळी 57 किलोची अंतिम कुस्तीही दिव्यांखाली, हलगीच्या ठेक्यावर, केसरीच्या आधी लावा. पाटोद्याच्या तालमीत आज जोर मारणाऱ्या पोरांचा तो हक्क आहे.