‘मी हिजडा… मी लक्ष्मी!’ : शिक्षकांनी वाचावे असे आत्मकथन

दहावीला लिंगनिश्चिती शिकवताना आपण फळ्यावर ‘एक्स-एक्स’ आणि ‘एक्स-वाय’ लिहितो व पाठ संपवतो. त्या पाठात चूक काही नाही. पण तो गुणसूत्रांविषयी बोलतो. स्वतःला मुलगा मानावे की मुलगी, ही आतली जाणीव म्हणजे लिंगभाव. तिच्याविषयी तो काहीच सांगत नाही. बहुतेक मुलांची ही जाणीव जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाशी जुळते; काहींची जुळत नाही. त्यांना आपण पारलिंगी म्हणतो.

असे एक मूल कसे वाढते, हे समजून घ्यायला लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा… मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन उपयोगी आहे. शब्दांकन वैशाली रोडे यांचे असून मनोविकास प्रकाशनाने ते २०१२ मध्ये प्रसिद्ध केले.

ठाण्यात वाढलेले, दम्याने बेजार, नाचाचे वेड असलेले हे मूल. ‘बायकी’ म्हणून त्याची चेष्टा होते, लैंगिक अत्याचारही सोसावे लागतात. कथन मोकळे आहे. कीव मागत नाही. माटुंग्याच्या माहेश्वरी उद्यानात अशोक राव कवी या मुलाला समजावतात की, तुझ्यात काही वावगे नाही, तू अभ्यास कर. हा धीर शाळेच्या वर्गात नव्हे, तर एका बागेत मिळाला. शिक्षकांनी पुस्तकातली ही पाने सावकाश वाचावीत.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ‘हिजडा’ आणि ‘पारलिंगी’ हे शब्द एकाच अर्थाचे आहेत, असा वाचकाचा समज होऊ शकतो. हिजडा ही गुरू-चेल्यांची सामाजिक परंपरा आहे. प्रत्येक पारलिंगी व्यक्ती तिच्यात जातेच असे नाही. आंतरलिंगी व्यक्तींची गोष्ट आणखी वेगळी : त्यांच्या शरीराची लिंगलक्षणेच ठरावीक दोन साच्यांत बसत नाहीत. मुलगी म्हणून नोंद झालेल्या, पण स्वतःला पुरुष मानणाऱ्यांचे अनुभव हा तर या पुस्तकाचा विषयच नाही.

हे असे का होते, याचे शास्त्रीय विवेचनही येथे मिळत नाही. ते शिक्षकांनी पुरवावे. याचे एकच एक कारण सापडलेले नाही. पण हा आजार नव्हे, हे स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून टाकली.

लक्ष्मीच्या पाठीशी तिचे आईवडील उभे राहिले. सर्वांच्या वाट्याला असे घर येत नाही. म्हणून एखाद्या विद्यार्थ्याने विश्वासाने आपल्याला सांगितले, तर आधी पूर्ण ऐकून घ्यावे. ‘वय आहे, जाईल’ म्हणू नये. कोणत्या नावाने हाक मारू, हे विचारावे. त्याला न विचारता घरी कळवू नये. त्यातून मारहाण होऊ शकते, शाळाही सुटू शकते. वर्गातली चेष्टा मात्र त्याच दिवशी थांबवावी. त्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही.

पुस्तकातले काही प्रसंग प्रौढ वाचकांसाठी आहेत. तेव्हा शिक्षकांनी ते आधी स्वतः वाचावे, मग वरच्या वर्गांसाठी निवडक भाग घ्यावा. लिंगनिश्चितीच्या तासाला पाच मिनिटे यासाठी राखून ठेवली, तरी गप्प बसलेल्या एखाद्या मुलाला बोलायला वाट मिळेल.