दुसरी कोणीच नाही?

साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. आमच्या घाटाच्या पायथ्याशी समुद्र पोहोचतो तो असा, सुक्या बोंबलांच्या वासातून. त्याच गर्दीत उभा राहून मी मोबाइलवर एक गाजलेला किस्सा वाचत होतो.

२२ ऑगस्ट १८५१. इंग्लंडच्या वाइट बेटाभोवती शिडाच्या नौकांची शर्यत. 'अमेरिका' पहिली आली. दुसरी कोण, असं राणी व्हिक्टोरियाने विचारलं म्हणे. उत्तर आलं, दुसरी कोणीच नाही. 'अमेरिकाज कप'चा जन्म या शर्यतीतला.

गोष्ट म्हणून किस्सा झकास, पण लबाड. दुसरी नौका होती, 'अरोरा'. 'अमेरिका' १७० टनांची, ही ४७ टनांची. लहान नौकेला मिळायची ती वेळेची सवलतही त्या दिवशी नव्हती. हे सगळं गाळलं म्हणून तर किस्सा चटकदार झाला.

मुंबईतला यॉट क्लब १८४६चा, म्हणजे या शर्यतीच्याही आधीचा. तिथे बराच काळ भारतीयांना सभासद होता येत नव्हतं. त्याच बंदरात कोळी पिढ्यान्‌पिढ्या वारा ओळखून शीड फिरवत होते. पण त्यांचं शीड पोटासाठी. ते 'खेळा'च्या इतिहासात बसलं नाही.

माझा आक्षेप जिंकणाऱ्यावर नाही, सांगणाऱ्यावर आहे.

समोरच्या मावशीने बोंबलांचा वाटा माझ्या पिशवीत टाकला. राणीचा प्रश्न चांगलाच होता. उत्तर देणाऱ्याने जरा मागे वळून बघायला हवं होतं.