‘स्मृतिचित्रे’ आणि ख्रिस्ती घराचा आदर्श

लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाले. मराठी गद्याचे लेणे म्हणून त्याचा गौरव झाला. आपल्या मंडळ्यांत मात्र ते बहुधा एका पतिनिष्ठ ख्रिस्ती पत्नीची कथा म्हणून वाचले जाते. हे वाचन अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. विवाहप्रसंगी ज्या ‘ख्रिस्ती घरा’चा उपदेश आपण ऐकतो, त्या आदर्शाचीच कसोटी या ग्रंथात लागलेली आहे.

हा आदर्श आला कोठून? इंग्लंडात कारखानदारी वाढत गेली तशी मध्यमवर्गात घर व धंदा यांची ताटातूट झाली. पूर्वी दुकानाच्या वरच कुटुंब राही. पत्नी हिशेब पाही, उमेदवारांना जेवू घाली. पुढे सुखवस्तू व्यापारी उपनगरांत राहावयास गेले आणि पत्नीचा धंद्याशी असलेला संबंध सुटला. लिओनोर डेव्हिडॉफ व कॅथरीन हॉल यांनी ‘फॅमिली फॉर्च्यून्स’ (१९८७) या ग्रंथात बर्मिंगहॅम, एसेक्स व सफक येथील कुटुंबांचा अभ्यास करून दाखविले आहे की, या विभागणीस धार्मिक अर्थ दिला तो इव्हँजेलिकल पुनरुज्जीवनाने. बाजार हे मोहाचे क्षेत्र, घर हे पावित्र्याचे. पुरुषाने मिळवावे, स्त्रीने त्याच्या आत्म्याची राखण करावी. कॉव्हेन्ट्री पॅटमोर याच्या १८५४ च्या काव्यामुळे तिला ‘घरातील देवदूत’ हे नाव रूढ झाले. या देवदूताच्या घरी कष्टाची कामे मोलकरणी करीत, आणि १८७० व १८८२ चे कायदे होईपर्यंत विवाहित स्त्रीची कमाई व मिळकत सामान्यतः पतीचीच ठरे.

हा आदर्श मिशनकार्याबरोबर आपल्याकडे आला. त्याचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीतील यमुना व विनायक बरोबर प्रवास करतात, विधवांची दुःखे पाहतात आणि त्यांविषयी परस्परांशी मोकळेपणाने बोलतात. बालविवाहाच्या त्या काळी पतिपत्नींचा असा संवाद ही मुक्तीच होती. तथापि एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. १८२७ मध्ये मुंबईस आलेल्या व पुढे अहमदनगरास मुलींच्या शाळा चालविणाऱ्या सिंथिया फरार अविवाहित होत्या. त्यांचे स्वतःचे जीवन त्या आदर्शाच्या चौकटीबाहेरचेच होते.

लक्ष्मीबाईंचे घरही त्या चौकटीत बसत नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीचा पती कवी, उदार, तापट आणि पैशाविषयी बेफिकीर. टिळक मिळवीत आणि वाटून टाकीत. संसार तगविण्याची युक्ती लक्ष्मीबाईंनाच काढावी लागे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. लहान मुलासह त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे अहमदनगरास पतीबरोबर राहू लागल्यावरही त्यांनी आपला आचार लागलीच सोडला नाही. जातिभेद मनुष्यकृत आहे असे त्यांना स्वतःला पटले, त्यानंतरच १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. इंग्रजी देवदूत पतीच्या आत्म्याची राखण करतो. लक्ष्मीबाई आपल्या आत्म्याचा निर्णय आपणच करतात. तापट टिळक त्या निर्णयासाठी थांबतात, हेही तितकेच महत्त्वाचे. १९१९ मध्ये टिळक निवर्तल्यानंतर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करण्याचे कार्य याच पत्नीने अंगावर घेतले.

ग्रंथाची मर्यादाही सांगावयास हवी. लक्ष्मीबाई सिद्धान्त मांडीत नाहीत. दुःखाचा प्रसंग त्या विनोदाने सांगून पुढे जातात, आणि वाचक हसता हसता त्या प्रसंगाची धार विसरतो. पतीच्या लहरीपणामुळे सोसावे लागलेले हाल ‘थोर माणसाचे वेड’ म्हणून खपून जातात. हा दोष काही अंशी त्यांच्या शैलीचा आहे. परंतु अधिक अंशी आपल्या वाचनाचा आहे. उपास घडले ते कोणाला, हा प्रश्न हसून झाल्यावरही उरतोच.

आणि तो प्रश्न व्यासपीठापर्यंत पोहोचावयास हवा. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील सद्‌गुणी स्त्री शेत पाहून विकत घेते. प्रेषितांची कृत्ये यांतील प्रिस्किल्ला पतीबरोबर तंबू करण्याचा धंदा करते आणि त्याच्याबरोबर अपुल्लोसारख्या विद्वानास शिकविते. या घरांत कामाची जागा व उपासनेची जागा एकच आहे. बाजार पुरुषाचा व घर स्त्रीचे ही वाटणी शास्त्राची नव्हे. एका देशातील, एका वर्गाची, एका शतकाची ती सोय होती. आपल्या मंडळ्यांतील परिचारिका, शिक्षिका व शेतमजूर स्त्रिया कमावतात आणि घरचे सर्व कामही करतात. त्यांच्यापुढे त्या सोयीचा देवाज्ञा म्हणून उपदेश करणे म्हणजे त्यांच्या खांद्यावर दुहेरी ओझे धर्माच्या नावाने ठेवणे होय. विवाहपूर्व शिकवणीसाठी वधूवरांच्या हाती एखादे मराठी पुस्तक द्यावयाचे असेल, तर पाळकांनी ‘स्मृतिचित्रे’ द्यावे. आणि ते प्रथम वराने वाचावे.