दिनशा वाच्छा यांचा ‘शेअर मॅनिया’ : एका संज्ञेची चिकित्सा

कॅलिफोर्नियात १८४८ साली व ऑस्ट्रेलियात १८५१ साली माणसे सोन्याच्या शोधार्थ धावली. मुंबईत १८६१ ते १८६५ या काळात सोनेच माणसांकडे चालत आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला, आणि नेहमीच्या किमतीहून सुमारे आठ कोटी पौंड अधिक मुंबईच्या पदरात पडले, असा अंदाज सामान्यतः दिला जातो.

या कालखंडाचा आधारग्रंथ म्हणून दिनशा वाच्छा यांच्या १९१० सालच्या इंग्रजी पुस्तकाकडे बोट दाखविले जाते. वाच्छांचा जन्म १८४४ सालचा. म्हणजे हा सारा प्रकार त्यांनी ऐन तारुण्यात पाहिला होता. बँकांच्या व्यवहारांविषयीची त्यांची जाण निःसंशय दांडगी आहे. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत कसा चढला, हे त्यांच्या विवेचनावरूनच पुढील लेखकांनी सांगितले.

आक्षेप आहे तो ‘मॅनिया’ या शब्दाला. मराठीत त्याचे ‘वेड’ झाले आणि ते निमूटपणे रूढही झाले. वेड हा व्यक्तीचा विकार होय. तो शब्द वापरताच दोष प्रेमचंद रायचंद आणि त्यांच्या अनुयायांच्या लोभाकडे जातो. परंतु शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मुभा बँक ऑफ बॉम्बेला १८६३ सालच्या कायद्याने मिळाली होती, आणि या बँकेत सरकारचेही भांडवल होते. वायद्याचे सौदे १ जुलै १८६५ या तारखेस पुरे व्हावयाचे होते. एप्रिलमध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि तारीख मात्र हलली नाही. १८६८ साली बँक मोडीत निघाली. कायदा, तारण व वायदा यांनी घडविलेल्या गोष्टीस वेड म्हणणे म्हणजे पुराने बुडालेल्या गावास तहानलेले म्हणण्यासारखे आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. कुंडलिकेच्या काठी रोह्यासमोर वसलेल्या अष्टमीच्या परिसरात कापसाची काळी जमीन नाही. भात पिकविणाऱ्या या कुलाबा जिल्ह्याचा तेजीशी संबंध आला तो मुख्यतः मुंबईस जाणाऱ्या माणसांच्या द्वारे. मुंबईची लोकसंख्या १८६४ साली ८,१६,५६२ होती, १८७२ साली ती ६,४४,४०५ भरली. घटीचा काही भाग मोजणीच्या पद्धतीकडे गेला असे मानले, तरी उरलेली माणसे कोठे गेली, हा प्रश्न वाच्छांच्या कक्षेत येतच नाही. त्यांचा इतिहास हिशेबाच्या वहीचा आहे, आणि वहीत नाव असावयास निदान पत तरी असावी लागते.

गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली, म्हणजे तेजी भरात येत असताना, प्रसिद्ध झाले. कोसळण्याची चाहूल त्यात असणे शक्य नव्हते. उत्तरज्ञानाचा रंग त्या वर्णनाला लागलेला नाही, तो याचमुळे. शहरातील जाती, धंदे व वस्त्या यांविषयीचा त्यातील मजकूर १८७२ च्या खानेसुमारीशेजारी ठेवून वाचण्याचे काम मराठीच्या अभ्यासकांनी करावयास हवे.